गोठ्याच्या नालीतून वाहणारे खत

दूध रस्त्यावर ओतले गेले की ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात तसे झाले होते. टँकर अडवले गेले, शहरांना दूध मिळते की नाही अशी धास्ती निर्माण झाली आणि अखेर गाईच्या दुधाला लिटरमागे २५ रुपये देण्याचे ठरले. पुढेही हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढत राहिला आहे. या साऱ्या वादात एकच बाजू उजेडात असते, ती म्हणजे शेतकऱ्याच्या हाती किती पडले. ते लिटरभर दूध तयार व्हायला त्याच्या खिशातून किती गेले, ही दुसरी बाजू अंधारातच राहते. ती कुणी विचारली तर पेंडीच्या पोत्याचा भाव सांगितला जातो, आणि विषय तिथेच संपतो.

दुधाच्या उत्पादनखर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा जनावराच्या खाण्याचा असतो, हे दुग्धव्यवसायाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. या खाण्यात पेंड विकतची असते, तिचा हिशेब वहीत लागतो. हिरवी वैरण मात्र ‘घरची’ म्हणून फुकट धरली जाते. घरची वैरण फुकट नसते. तिला जमीन लागते, पाणी लागते आणि खत लागते. आज मला बोलायचे आहे ते या शेवटच्या गोष्टीविषयी. उसाला किती खत द्यावे, द्राक्षाला कोणते द्यावे, यावर आपल्याकडे मेळावे भरतात, चर्चासत्रे होतात. वैरणीच्या खतावर कुणी चकार शब्द काढत नाही. घासाचा वाफा हे बांधावरचे पोरके पीक आहे. त्याच्या वाट्याला येतो तो उरलासुरला युरिया आणि उरलेसुरले लक्ष.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वैरणीला लागणारे बहुतेक खत शेतकऱ्याच्या गोठ्यातच तयार होत असते. ते गोठ्यातून शेतात परत जात नाही, वाटेत गळते. ही गळती आपण बुजवत नाही आणि तिची भरपाई म्हणून युरियाची पिशवी आणतो. पिशवी स्वस्त असल्यामुळे गळती दिसत नाही. आपल्या दुग्धव्यवसायाच्या खर्चाचे एक मोठे दुखणे इथे आहे.

आधी पिशवीकडे पाहू. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे पिशवीमागे साधारण पावणेएकवीस किलो. हिशेब केला तर नत्राचा एक किलो तेरा रुपयांच्या आत पडतो. डीएपीची ५० किलोची पिशवी १३५० रुपयांची. तिच्यातल्या नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरदाचा एक किलो पन्नास रुपयांच्या वर जातो. पोटॅशच्या पिशवीला दीड हजाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात, आणि तिच्यात पालाश असते तीस किलो. म्हणजे पालाशही पन्नाशीच्या घरात. तिन्ही अन्नद्रव्ये पिकाला लागतात, पण त्यातले एक इतर दोघांच्या चौथ्या हिश्श्यात मिळते. मग माणूस कशाला हात घालणार? जे स्वस्त, ते मुठीने फेकले जाते. जे महाग, ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहते.

हे दर आकाशातून पडलेले नाहीत. ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांच्या किमतींवरचे नियंत्रण उठवले. युरिया मात्र नियंत्रणातच ठेवला. परिणाम पुढच्याच हंगामात दिसला. १९९१-९२ मध्ये देशात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण ५.९ : २.४ : १ असे होते, ते १९९२-९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झाले. तृणधान्यांसाठी ४ : २ : १ हे प्रमाण ढोबळमानाने योग्य समजतात. एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याची नवी पद्धत आली, तेव्हाही युरिया तिच्या बाहेरच राहिला. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. २०१८ मध्ये ५० किलोची पिशवी ४५ किलोची झाली, म्हणजे निदान त्या निमित्ताने तरी शेतकरी पाच किलो कमी टाकेल! किमतीला हात लावण्याचे धाडस कुणाला झाले नाही. युक्रेनच्या युद्धामुळे जगभर खते महागली, तेव्हा २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्राचे सव्वादोन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च झाले. शेतकऱ्याला स्वस्त वाटणारी पिशवी देशाला स्वस्त पडत नाही. तिच्यामागे परदेशातून येणारा गॅस आहे, आणि पोटॅश तर जवळजवळ सगळेच बाहेरून येते.

आता ही पिशवी वैरणीवर काय करते ते पाहू. एक एकर संकरित नेपियर घ्या. आपल्याकडे यशवंत, जयवंत अशा नावांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले वाण सर्वांना ठाऊक आहेत. पाण्याची सोय असेल तर एकराला वर्षभरात चाळीस टन हिरवी वैरण काही अवघड नाही. त्यातले पाणी वजा केले तर वाळलेली वैरण आठ टनांच्या आसपास उरते. या आठ टनांबरोबर जमिनीतून शंभर किलोच्या वर नत्र निघून जाते. पालाश किती जाते? दीडशे किलोच्या आसपास. होय, नत्राहून अधिक. धान्याच्या पिकात बहुतेक पालाश काडात राहते आणि काड पुन्हा शेतात किंवा गोठ्यात येते. वैरणीचे तसे नाही. वैरण म्हणजे सगळे काडच. आपण बुडख्यापासून कापून सारेच घेऊन जातो, आणि तेही वर्षातून सहा-सात वेळा.

या दीडशे किलोंच्या बदल्यात आपण जमिनीला काय देतो? युरिया! खर्च आहे पालाशाचा आणि भरणा करतो नत्राचा. बँकेच्या एका खात्यातून पैसे काढायचे आणि भलत्याच खात्यात भरायचे, असा हा व्यवहार. हे चटकन अंगाशी येत नाही, कारण दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाशाचा साठा मुळात मोठा आहे. पण साठा म्हणजे ठेव. ठेव मोडून घर चालवता येते, फार दिवस नाही. दहा वर्षे एकाच तुकड्यात गवत घेतलेल्या शेतकऱ्याला विचारा. ‘पूर्वीसारखे फुटवे येत नाहीत, गवताचे थोंब विरळ झाले,’ असे तो सांगतो, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक मूठ युरिया वाढवतो.

टाकलेल्या त्या युरियापैकी तरी किती पिकाला मिळतो? सर्वसाधारण अनुभव असा, की निम्म्याहून कमीच. आपल्या चुनखडीयुक्त जमिनी, वरचे ऊन आणि ओली झालेली वरची माती या तिघांनी मिळून युरियाचा अमोनिया होतो आणि तो हवेत उडून जातो. खत टाकल्याबरोबर पाणी दिले तर ते मुळाशी उतरते. परंतु आपल्याकडे पाणी विहिरीत असून चालत नाही, वीजही असावी लागते. खत दुपारी फेकले जाते आणि थ्री फेजची पाळी असते रात्री, किंवा एकदम पुढच्या आठवड्यात. दरम्यान पिशवीतला मोठा हिस्सा आकाशाला अर्पण झालेला असतो. म्हणून खत पंचांग पाहून नव्हे, विजेचे वेळापत्रक पाहून टाकावे, असे मी सुचवतो. दर कापणीनंतर थोडे थोडे द्यावे, ओळीत बुडख्याजवळ मातीआड करावे आणि लगेच पाणी सोडावे. याला एक पैसाही जास्त लागत नाही, आणि त्याच पिशवीत अधिक वैरण निघते.

जास्त युरियाचे आणखी एक अंग आहे, ते थेट जनावराच्या तब्येतीशी जाते. भरपूर युरिया दिलेली, वर पाण्याचा ताण बसलेली ज्वारी किंवा मका कोवळ्या बुडख्यात नायट्रेट साठवून ठेवते. कोवळ्या ज्वारीच्या ‘किराळी’ची भीती जुन्या माणसांना माहीत होती. युरियाचा भडिमार त्या धोक्यात भरच घालतो. विषबाधा ही टोकाची गोष्ट झाली. रोजची गोष्ट अशी, की काळ्याशार, लुसलुशीत वैरणीतले जादा नत्र गाईला वापरता येत नाही. ते रक्तातून यकृतात आणि तिथून मुतावाटे बाहेर टाकावे लागते, आणि त्या कामाला तिची शक्ती खर्च होते. गाय वरचेवर उलटते, गाभ धरत नाही, अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्याने इतर कारणांबरोबर एकदा आपल्या वैरणीच्या रंगाकडेही पाहावे. हिरवा रंग म्हणजे सकसपणा, हे समीकरण भाजीबाजारात जितके फसवे तितकेच गोठ्यातही.

इथवरचा हिशेब शेताचा झाला. आता गोठ्यात येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

गाय जे खाते त्यातले नत्र दुधात किती जाते? साधारण पाव हिस्सा. बाकीचे तीन हिस्से शेणामुतातून बाहेर येतात. पालाशाचे तर विचारूच नका. दुधातून जेमतेम दशांश जाते, उरलेले परत येते, आणि त्याचा मोठा भाग मुतात असतो. दहा लिटर दूध देणाऱ्या एका संकरित गाईच्या शेणामुतातून वर्षाला ढोबळमानाने पन्नास-साठ किलो नत्र, तितकेच पालाश आणि वीस किलोंच्या आसपास स्फुरद बाहेर पडते. दावणीला अशा चार गाई असतील तर दोनशे किलो नत्र, दोनशे किलो पालाश आणि ऐंशी किलो स्फुरद. एका एकर नेपियरवर चार गाईंची रोजची हिरवी वैरण भागते. त्या एकराला हवे होते शंभर किलोच्या वर नत्र आणि दीडशे किलो पालाश. म्हणजे वाटेत थोडीफार नासाडी धरूनही त्या एकराची भूक त्याच चार गाई भागवू शकतात!

हे जादा कुठून आले, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारील. ते पेंडीतून आले. आपण सरकी पेंड विकत घेतो, तेव्हा खानदेश-विदर्भातल्या कापसाच्या शेतातले नत्र आणि पालाश विकत घेत असतो. गव्हाचा भुस्सा घेतो, तेव्हा पंजाब-मध्य प्रदेशातल्या जमिनीचा अंश घेतो. पेंडीचे पोते हे एका अर्थी खताचेही पोते आहे. गाय त्यातले दूध आपल्याला देते आणि खत गोठ्यात ठेवते. पैसे आपण एकदाच मोजतो, वस्तू मात्र दोन मिळतात. दुसरी उचलून न्यायची तसदी आपण घेत नाही, एवढेच.

या चार गाईंच्या वर्षभराच्या खताची किंमत दुकानाच्या भावाने काढली तर अठरा हजारांच्या आसपास भरते. त्यातला नत्राचा वाटा मात्र अवघा अडीच-पावणेतीन हजारांचा. यातच सगळे आले. युरिया स्वस्त, म्हणून नत्र स्वस्त, म्हणून शेण स्वस्त, म्हणून मूत तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. नालीवाटे ते मागच्या ओढ्यात जाते. त्याच्याबरोबर जाणारे पालाश पन्नास रुपये किलोचे आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आवळा देऊन कोहळा काढणारे चतुर म्हणवतात. इथे आम्ही कोहळा ओढ्यात सोडतो आणि आवळा विकत आणतो.

शेणाची कथा त्याहून फार बरी नाही. बहुतेक गावांत उकिरडा उघड्यावर असतो. उन्हाने तो वाळतो, पावसाने धुपतो, आणि शेतात जाईपर्यंत त्यातले निम्म्याच्या आसपास नत्र गेलेले असते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, पण आमच्या उकिरड्याचा काही फिटलेला दिसत नाही. अनेक ठिकाणी तर शेणखताच्या ट्रॉल्या बागायतदारांना विकल्या जातात. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना शेणखताची किंमत कळली आहे, म्हणून ते रोख पैसे मोजतात. ज्याच्या गोठ्यात ते तयार झाले, तो ट्रॉली विकून येताना वैरणीसाठी युरिया घेऊन येतो. अडीनडीला हाती रोकड येते हे खरे, आणि अडीअडचणीत विकणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण हा व्यवहार दरसालचा झाला, तर ती घासाच्या वाफ्याची माती विकणे आहे.

यावर उपाय अवघड नाहीत, नवेही नाहीत. गोठ्याच्या जमिनीला उतार आणि शेवटी एक लहान पक्की टाकी, एवढे केले तरी मूत ओढ्यात जायचे थांबते. त्यात पाणी मिसळून ते वैरणीच्या पाटात सोडावे. साठवून ठेवले तर अमोनिया उडतो, म्हणून रोजच्या रोज सोडलेले बरे. टाकी बांधणे जमत नसेल तर गोठ्यात चघळ, पाचट किंवा कोरडी माती पसरावी. मुरलेली माती उचलून शेतात टाकायची रीत आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होती. हल्ली वाढलेल्या मुक्त संचार गोठ्यांत हेच काम आपोआप होते. मूत मातीत मुरते, शेण तिथेच तुडवले जाते. शेणासाठी खड्डा असावा, वर सावली किंवा मातीचा थर असावा. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी भोके ठेवून बांधलेल्या विटांच्या टाकीची पद्धत दिली. थोड्या शेणात भरपूर कंपोस्ट करणारी ही पद्धत महाराष्ट्राबाहेरही गेली. तिच्या जन्मभूमीतल्या किती गोठ्यांशेजारी आज ती टाकी दिसते? ज्यांच्याकडे गोबर गॅस आहे त्यांना तर दुहेरी लाभ. चूलही पेटते आणि नत्र स्लरीत शाबूत राहते.

दुसरा उपाय द्विदल वैरणीचा. लसूणघासाच्या मुळावरच्या गाठी हवेतले नत्र धरतात. राहुरीच्या आरएल-८८ सारखा वाण एकदा पेरला की दोन-तीन वर्षे कापता येतो. त्याला स्फुरद द्यावे लागते, पण युरिया सुरुवातीच्या चिमूटभराखेरीज लागत नाही. उलट सवयीने युरिया टाकत गेल्यास गाठी काम करायचे सोडतात. आयते मिळाल्यावर कोण कष्ट करील? मक्यात चवळी घ्यावी, ज्वारीतही चवळी घ्यावी. अशा वैरणीत प्रथिने वाढली की पेंड कमी लागते. म्हणजे घासाचा एक वाफा युरियाची पिशवी आणि पेंडीचे पोते, दोन्ही वाचवतो.

ही झाली बागायती गोष्ट. पण आपल्या राज्यातले कितीतरी गवत पावसावर, डोंगरउतारावर आणि गायरानात येते. पालघर, शहापूर, मुरबाडकडचे वाळलेले गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या तबेल्यांना जात आले. १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, शहरभर तबेले वाढले, आणि गवताला गिऱ्हाईक मिळाले. गवत मुंबईला गेले, दूध मुंबईने प्यायले, शेण मुंबईच्या गटारात आणि खाडीत गेले. ज्या डोंगराने गवत दिले, त्याला परत काय मिळाले? काहीही नाही. गोठ्यातली नाली आपण वर पाहिली. ही तीच नाली, शंभर किलोमीटर लांबीची.

अशा गवताला खत विकत आणून टाकणे बहुधा परवडत नाही, आणि मी तसे सुचवणारही नाही. तिथे बिनपैशाचे खत आहे ते कापणीच्या वेळेत. मारवेल, पवना ही गवते फुलोऱ्यात असताना कापली, तर त्यात सहा-सात टक्के प्रथिने मिळतात. बी झडून काड्या पिवळ्या पडेपर्यंत थांबले, तर तीच दोन-चार टक्क्यांवर येतात. कुसळी गवताची तर कुसळे झाली की जनावर तोंड लावायला कचरते. आपण कापतो मात्र दसरा-दिवाळीनंतर, सवडीने. याला कारण आहे. फुलोरा येतो तेव्हा हस्ताचा पाऊस डोक्यावर असतो, कापलेले गवत सुकवायचे कुठे? ही अडचण खोटी नाही. म्हणून सगळे नाही, तर उघडीप मिळेल तसे थोडे थोडे लवकर कापावे आणि कुडाच्या मांडवावर किंवा तिकाटण्यावर वाळवावे. मिळेल तेवढे सकस गवत गाभण गाईसाठी वेगळे ठेवावे. उरलेले नेहमीप्रमाणे.

दुसरी गोष्ट वणव्याची. ‘जाळले की पुढच्या वर्षी गवत चांगले येते’ या समजुतीने सह्याद्रीच्या उतारांना दर उन्हाळ्यात आग लावली जाते. त्या आगीत गवतातले नत्र आणि गंधक धुरावाटे जाते. पालाश राखेत उरते, आणि उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला मिळते. पहिला कोंब हिरवा दिसतो खरा, पण तो मुद्दलावर आलेला असतो. याच्या उलट हिवरे बाजारने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९४ साली आदर्श गाव योजनेत आलेल्या या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगर मोकाट चरू न देता गवत कापून घरी न्यायचे ठरवले. गवत वाढले, जनावर दावणीला आले, शेण एका जागी साठू लागले, दूध वाढले. या यशाचे श्रेय पाण्याला दिले जाते आणि ते योग्यच आहे. त्यात गावाने आपले शेण रानोमाळ विखरू दिले नाही, या साध्या गोष्टीचाही वाटा आहे असे मला वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. युरियाची पिशवी मोटारसायकलवर येते, दोन तासांत टाकून होते. तितकेच नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन खत भरायचे, वाहायचे, पसरायचे. मजूर कुठे आहे? आणि हे काम कोण करते, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे शेण काढते ती बाई. गोठा झाडते ती, पाटी डोक्यावर घेते तीही. खताच्या दुकानात जातो तो पुरुष. पिशवीचा निर्णय एकाचा आणि उकिरड्याचे कष्ट दुसरीचे, अशी वाटणी असल्यावर पिशवीच जिंकणार. तेव्हा ‘शेणखत वापरा’ असा उपदेश करून पाट्यांची संख्या वाढवण्यात मला रस नाही. उताराची नाली, पाटाला जोडलेली टाकी आणि ढकलगाडी या तीन गोष्टींवर आधी पैसे घालावेत. खत स्वतःच्या पायाने शेतात जाईल अशी सोय केली, तरच हा हिशेब घराला परवडेल.

आणखी एक सांगतो. युरिया हा खलनायक आहे असे माझे म्हणणे नाही. देशाचे धान्य त्याच्या आधारावर वाढले आहे, आणि उन्हाळ्यात वाढ खुंटलेल्या गवताला वेळेवर दिलेली मूठभर मात्रा जे काम करते ते शेणखत करणार नाही. दूध विकले की थोडी अन्नद्रव्ये कायमची घराबाहेर जातातच. तेवढ्यापुरते विकत आणण्यात कमीपणा नाही. प्रश्न असा, की आपण विकत आणतो ते ‘गेलेल्या’ची भरपाई म्हणून की ‘सांडलेल्या’ची? आज बहुतेक पिशव्या सांडलेल्यासाठी येतात.

इथे दूध संघांनी पुढे यायला हवे. संघ दुधाचा फॅट मोजतो, एसएनएफ मोजतो, दशांशाच्या फरकाने दर बदलतो. हीच काटेकोर नजर त्याने गोठ्याच्या मागच्या बाजूलाही वळवावी. फेब्रुवारी २०१५ पासून देशात मृद आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यासाठी नमुना घेतला जातो तो उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या रानातून. घासाच्या वाफ्याची माती कुणी तपासायला नेली, असे माझ्या ऐकिवात फारसे नाही. संघांनी सभासदांच्या वैरणीच्या तुकड्यांची माती तपासून द्यावी. पेंडीच्या उधारीसारखी मुताच्या टाकीसाठी उधारी द्यावी, दूधबिलातून हप्त्याने कापून घ्यावी. पेंडीचे पोते दोन आठवड्यांत संपते, टाकी वीस वर्षे टिकते.

आणि सरकारने? युरियाचा भाव एका रात्रीत वाढवा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. लहान शेतकऱ्याचे त्यात कंबरडे मोडेल. परंतु नत्र एका भावाने आणि पालाश चौपट भावाने, ही तफावत हळूहळू कमी झाली नाही, तर शेणाला कधीच किंमत येणार नाही. पिशवीवर जाणाऱ्या पैशाचा अगदी लहान हिस्सा गोठ्याच्या नालीवर खर्च झाला, तरी पुष्कळ पिशव्या लागणारच नाहीत.

शहरातल्या वाचकाला वाटेल, यात माझा काय संबंध? संबंध दुधाच्या पिशवीतून येतो. दूध महागले की आपण कुरकुरतो, स्वस्त झाले की उत्पादक रस्त्यावर येतो, आणि दोघांच्या मधली जागा वर्षागणिक अरुंद होत चालली आहे. ती थोडी रुंद करण्याची एक वाट गोठ्यातून शेताकडे जाते. आपल्या अनुदानाच्या पैशाने आलेले नत्र ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून शहराच्या तलावात. उन्हाळ्यात तिथे जलपर्णी माजते, आणि ती काढायला पुन्हा आपलाच कर लागतो.

दुधाचा भाव आपल्या हाती नाही. तो भुकटीच्या बाजारात आणि मंत्रालयातल्या बैठकांत ठरतो. खताचा भाव तर दिल्लीत आणि समुद्रापलीकडे ठरतो. गोठ्याची नाली मात्र आपल्या अंगणात आहे. ती कुठे जाते, हे एकदा चार पावले चालून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.